उताऱ्याचा पाव टक्का: निर्णय कोणाच्या हिशेबाने होतात?

येरळाकाठ (विटा)

राजकीय निर्णयांवर आपल्याकडे चर्चा सुरू झाली की ती बहुधा माणसांवर येऊन थांबते. अमुक नेता शेतकऱ्यांचा कैवारी, तमुक नेता कारखानदारांचा माणूस, एवढे बोलून झाले की विषय मिटला असे आपण धरून चालतो. माणसे बदलली तरी निर्णयांची दिशा फारशी का बदलत नाही, हा प्रश्न मला गेली काही वर्षे जास्त महत्त्वाचा वाटू लागला आहे. त्याचे उत्तर नेत्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा कोणाला कशातून काय मिळते आणि कोणाचे काय जाते, या हिशेबात शोधावे असे माझे मत झाले आहे. हा धागा त्यासाठी काढतो आहे.

दिवाळीच्या साफसफाईत वडिलांनी जपून ठेवलेल्या ऊसबिलांचा गठ्ठा सापडला. त्यात काटापावत्या होत्या, तोडणीच्या चिठ्ठ्या होत्या आणि बिलांच्या मागे वडिलांनी पेन्सिलीने केलेल्या वजाबाक्या होत्या. २०२१-२२ आणि २०२२-२३ या दोन हंगामांची बिले शेजारी ठेवून पाहताना एक गोष्ट नजरेत आली. त्या वेळी ती मी वर्तमानपत्रात वाचली होती, पण तिचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

केंद्राने २०२१-२२ साठी उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, क्विंटलला २९० रुपये ठरवली होती आणि २०२२-२३ साठी ती ३०५ रुपये केली. बातमी अर्थातच पंधरा रुपयांच्या वाढीची झाली. परंतु २९० रुपयांचा दर १० टक्के पायाभूत उताऱ्यासाठी (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) होता, तर ३०५ रुपयांचा दर १०.२५ टक्क्यांसाठी. पायाभूत उताऱ्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला नव्या दराने ३ रुपये ५ पैसे जादा मिळत होते. पायाच पाव टक्क्याने वर सरकला, म्हणजे असे अडीच टप्पे शेतकऱ्याच्या हिशेबातून निघून गेले. अडीच गुणिले ३.०५ म्हणजे क्विंटलला साधारण ७ रुपये ६२ पैसे आणि टनाला ७६ रुपये २५ पैसे. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर १०.२५ टक्के उताऱ्याच्या उसाला आदल्या वर्षीच्याच सूत्राने २९७ रुपये २५ पैसे मिळत होते. त्या उसाची खरी वाढ म्हणजे क्विंटलला पंधरा रुपये नव्हे, पावणेआठ रुपये.

आता हा ७६ रुपये २५ पैशांचा आकडा दोन माणसांच्या हातात देऊन पाहा. माझा ऊस गेला पन्नास टन, म्हणजे माझे ३,८१२ रुपये. या रकमेसाठी मी कोणाकडे दाद मागायला गेलो तर पहिल्या दोन हेलपाट्यांतच एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज मिळून तेवढे पैसे संपतील. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यासाठी तोच आकडा ७ कोटी ६२ लाख ५० हजार रुपयांचा होतो. एवढ्या रकमेसाठी कोणीही शहाणा व्यवस्थापक वर्षभर अभ्यास करणारा, निवेदने लिहिणारा आणि दिल्लीच्या बैठकांना हजर राहणारा माणूस नेमील. त्यात बेकायदा काही नाही. कृषिमूल्य आयोग दराची शिफारस करतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती निर्णय घेते. या दोन पायऱ्यांपर्यंत ज्याची कागदपत्रे पोहोचतात, त्याचे म्हणणे विचारात घेतले जाते.

मॅन्कर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये हेच तत्त्व मांडले होते. लाभ थोड्या जणांत वाटला जाणार असेल तर ते थोडे जण चटकन एकत्र येतात. तोटा लाखो लोकांत विखुरलेला असेल तर प्रत्येकाच्या वाट्याचा तुकडा इतका लहान असतो की त्यासाठी कोणी उठत नाही. शिवाय जो उठतो त्याच्या लढ्याचे फळ घरी बसलेल्यालाही मिळते, त्यामुळे घरी बसणे हाच प्रत्येकासाठी सोयीचा मार्ग ठरतो. आपल्या भागात याचे आणखी कोणते दाखले आहेत आणि याला अपवाद कोणते, हे जाणत्या मंडळींनी सांगावे.

---

निवृत्त गटकर्मचारी (वाळवा तालुका)

येरळाकाठ यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मी एका कारखान्याच्या शेती खात्यात उभी हयात घालवली आहे. पाया वर नेण्यामागे उसाच्या जाती सुधारल्या आणि उतारा वाढला, हे कारण होते. पाया दहावरच ठेवला असता तर सरकारने ३०५ रुपये दिले असते असे मानायला आधार नाही, कदाचित २९७ किंवा २९८ वरच थांबले असते. दुसरे असे की साखरेचा किमान विक्री दर जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरला, फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ झाला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तेथेच राहिला. त्याच काळात एफआरपी २७५ वरून २०२५-२६ च्या हंगामासाठी ३५५ पर्यंत गेली. म्हणजे कारखानदारही प्रत्येक वेळी जिंकत नाहीत. त्यांनीही किमान दर वाढवून मागण्यासाठी अनेक वेळा दिल्लीच्या वाऱ्या केल्या आहेत.

संघटित ताकद नेहमी शेतकऱ्याच्या विरोधातच जाते असेही नाही. ठरलेल्या किमान दराहून जास्त ऊसदर दिला म्हणून सहकारी कारखान्यांना आयकर खात्याच्या नोटिसा आल्या होत्या, कारण जादा दिलेला पैसा खर्च न धरता नफ्याचे वाटप धरला जात होता. तो वाद अनेक वर्षे चालला. शेवटी २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीची अशी देणी खर्च म्हणून दाखवण्याची मुभा मिळाली आणि सहकारी कारखान्यांना जवळजवळ दहा हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळणार असल्याचे सांगण्यात आले. एकट्या शेतकऱ्याने हे काम कधीच तडीस नेले नसते.

मला मात्र याहून जवळचे काही सांगायचे आहे. शेतकरी एकत्र का येत नाही याचे कारण आपण नेहमी आळस किंवा अज्ञान असे देतो. माझ्या नोकरीत मी पाहिलेले कारण वेगळे आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने दरातल्या शंभर रुपयांपेक्षा तोडीची तारीख मोठी असते. आडसाली (पावसाळ्यात लावलेला, दीड वर्षाचा) ऊस वेळेवर तुटला तर वजन मिळते. तोच फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा राहिला तर तुरा येतो, ऊस पोकळ पडतो, वजन घटते, खोडव्याचा (तोडलेल्या बुडख्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाचा) हंगाम मागे जातो आणि तोडणी मजुरांची टोळी तर खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागितल्याशिवाय फडात पाय ठेवत नाही. नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड द्यायची असा नियम असतो. कार्यक्रम लावणाऱ्याच्या हातात मात्र थोडी ढील राहतेच, आणि सारी सत्ता त्या ढिलाईत साठलेली असते.

एका वार्षिक सभेत एका सभासदाने वाहतुकीच्या खर्चावर सरळ प्रश्न विचारला होता. त्याला कोणी उलट बोलले नाही, उत्तरही सभ्य भाषेत मिळाले. त्या हंगामात त्याच्या शिवारात टोळी आली ती सगळ्यात शेवटी. मी स्वतः गट ऑफिसात होतो आणि कार्यक्रमाच्या यादीत त्याचे नाव दर आठवड्याला खाली सरकताना पाहत होतो. तसा लेखी आदेश कोणी दिला नव्हता. वरिष्ठांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन खालच्या माणसाने ते केले होते. मीही बोललो नाही, कारण माझी बढती त्याच वर्षी होती. पुढच्या सभेत वाहतुकीचा विषय पाच मिनिटांत "मंजूर, मंजूर" म्हणून संपला.

---

माजी सोसायटी सचिव (कराड)

वरच्या प्रतिसादात वेळेचा मुद्दा आला आहे, म्हणून त्यातला माझ्या कामाचा भाग सांगतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्यानुसार ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के दराने व्याज द्यायचे. कायदा इतका स्पष्ट असताना राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्णय काढला की पहिला हप्ता पुणे आणि नाशिक महसूल विभागांत १० टक्के, तर इतर विभागांत ९.५ टक्के उताऱ्याच्या हिशेबाने द्यायचा आणि उरलेली रक्कम हंगाम संपून प्रत्यक्ष उतारा ठरल्यावर द्यायची. सातारा आणि सांगली पुणे विभागात येतात. येथे उतारा बारा टक्क्यांच्या आसपास धरला तर मधली सगळी रक्कम महिनोन्महिने कारखान्याकडे राहणार होती.

कारखान्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. साखर वर्षभर थोडी थोडी विकली जाते आणि उसाचे पैसे मात्र चार-पाच महिन्यांत द्यावे लागतात, त्यामुळे साखर तारण ठेवून बँकेकडून कर्ज काढावे लागते आणि त्याचे व्याज बसते. दोन हप्त्यांच्या निर्णयाने ते व्याज नाहीसे झाले नाही, ते कारखान्याच्या खात्यातून शेतकऱ्याच्या खात्यात गेले. आमच्या सोसायटीच्या बाकावर मार्च महिन्यात जी माणसे येऊन बसत, त्यांच्या चेहऱ्यावर ते व्याज मी पाहिले आहे. ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरले तर व्याजाची सवलत मिळते, चुकले तर सवलत जाते आणि थकबाकीदार म्हणून नाव लागते. म्हणून माणसे आठवडाभरासाठी हातउसने घेऊन, प्रसंगी बायकोचा दागिना सोनाराकडे ठेवून, सोसायटी भरतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा उचलतात. आपण त्याला नवे-जुने करणे म्हणतो. त्या आठवड्याच्या उसनवारीचा खर्च मात्र सरकारच्या कोणत्याही टिपणीत येत नाही.

पुढे या निर्णयाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. राज्याला केंद्राच्या आदेशाविरुद्ध असे जाता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. निर्णय झाला तेव्हापासून तो रद्द होईपर्यंत तीन वर्षे गेली. त्या तीन वर्षांचे व्याज कोणी कोणाला परत करायचे, यासाठी मात्र कोणी संघटित नाही.

---

गृहिणी, सातारा शहर

मी शेतकरी नाही. किलोभर साखर आणि दोन किलो कांदे घेणारी ग्राहक आहे. येरळाकाठ यांनी सांगितलेल्या सिद्धांताप्रमाणे माझ्यासारख्यांचे तर कोणीच ऐकता कामा नये, कारण आम्ही कोट्यवधी आहोत आणि प्रत्येकीचा तोटा महिन्याला दहा-वीस रुपयांचा आहे. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने अचानक बंधन आणले आणि त्याच आठवड्यात कांद्याची निर्यातही थांबवली. लोकसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती. कारखान्यांनी इथेनॉलच्या प्रकल्पांवर कर्जे काढलेली होती, त्यांच्या संघटना बलवान होत्या, तरी त्या वेळी निर्णय आमच्या बाजूने झुकला. हे कसे घडले?

मला सुचलेले उत्तर असे. आम्ही एकत्र येऊन काही मागत नाही हे खरे, पण किमतीचा फलक रोज डोळ्यांसमोर असतो आणि मतदानाच्या दिवशी आम्ही न ठरवताही एका दिशेने वळू शकतो. पायाभूत उतारा पाव टक्क्याने वर गेला हे बाजारातल्या कोणत्याही फलकावर दिसत नाही. साखर दोन रुपयांनी महागली हे मात्र लगेच दिसते. म्हणून केवळ किती लोकांचे किती पैसे जातात हे पाहून भागत नाही. तो तोटा दिसतो किंवा नाही आणि निवडणूक किती जवळ आहे, हेही हिशेबात धरले पाहिजे.

कांदा उत्पादकांविषयी मला वाईट वाटते, कारण आमच्या स्वस्ताईची किंमत त्यांनी मोजली. आणखी एक शंका आहे. साखरेचा मोठा वाटा घरांत न जाता शीतपेये, मिठाई आणि बिस्किटे करणाऱ्या उद्योगांकडे जातो. मग ग्राहकाच्या नावाने घेतलेल्या निर्णयाचा लाभ खरोखर माझ्या डब्यापर्यंत किती पोहोचला?

---

येरळाकाठ (विटा)

ताईंनी माझ्या मांडणीतली उणीव नेमकी दाखवली. दिसणे आणि न दिसणे हा मुद्दा मी लक्षातच घेतला नव्हता. आता असे वाटते की संघटित गट आपली मागणी शक्यतो न दिसणाऱ्या जागी मांडतात. दर कमी करा असे कोणी म्हणत नाही, सूत्रातला पाया बदलतो. नवा कारखाना नको असेही कोणी म्हणत नाही, अंतराची अट वाढते. केंद्राच्या आदेशात दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर अंतर सांगितले आहे आणि राज्यांना ते वाढवण्याची मुभा आहे. महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. कारण असे दिले जाते की पुरेसा ऊस मिळाला नाही तर कारखाने आजारी पडतील, आणि त्यात तथ्य आहे. पण माझ्या रानापासून दुसरा कारखाना जितका लांब, तितकी माझी वाहतूक महाग आणि तितकी माझी दर मागण्याची ताकद कमी, हेही तितकेच खरे आहे.

निवृत्त गटकर्मचारी यांनी सांगितलेला प्रसंग मी दोन वेळा वाचला. स्वतःचे मौन त्यांनी लपवले नाही याबद्दल मनापासून आभार. ओल्सन यांच्या मांडणीत माणूस आपला वाटा लहान म्हणून गप्प बसतो. आपल्याकडे तो तोड अडेल म्हणूनही गप्प बसतो. पहिल्या कारणावर हिशेब समजावून सांगणे हा उपाय होऊ शकतो, दुसऱ्यावर होत नाही.

---

जतपूर्व

उसावर बरेच बोलून झाले. आमच्याकडे ऊस नाही, कारण पाणी नाही, आणि पाणी का नाही याची गोष्टही याच विषयात बसते.

कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपात बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले आणि त्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकत होता. तोपर्यंत आपण पाणी अडवून वापरले नाही तर आपला हक्क दुबळा होईल, अशी भीती होती. म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि रोखे काढून लोकांकडून पैसा उभा केला गेला. उद्देश योग्यच होता. पण मुदत जवळ आणि पैसा मर्यादित असताना व्यवहाराने काय करायला हवे होते? थोडी कामे हाती घेऊन ती पुरी करायची. घडले उलट. प्रत्येक तालुक्यात काम सुरू झाले, प्रत्येक ठिकाणी नारळ फुटला, पैसा पातळ पसरला आणि कालवे अर्धवट राहिले. यात मूर्खपणा कोणाचाच नव्हता. भूमिपूजनाचे श्रेय त्याच निवडणुकीत मिळते, तर पूर्ण झालेल्या कालव्याचे श्रेय कदाचित पुढच्या आमदाराला मिळते. बहुमत टिकवायचे तर प्रत्येक आमदाराच्या पदरात काहीतरी घालावे लागते. एकाच्या मतदारसंघातला कालवा पुरा करण्यासाठी दहा जणांचे काम थांबवले तर दहा जण नाराज होतात आणि एक खूश होतो.

ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांचे पाणी आता बरेच पुढे आले आहे आणि त्यासाठी झटलेल्या सर्व पक्षांच्या लोकांचे ऋण मी मानतो. मात्र पाणी आल्यावर नवा हिशेब सुरू होतो. उपशाचे वीजबिल मोठे असते, म्हणून शासनाने ८१ टक्के वाटा उचलायचा आणि १९ टक्के लाभधारकांकडून घ्यायचा असे ठरले. हा १९ टक्के वाटा वसूल करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कारखान्यामार्फत ऊसबिलातून कपात. ज्वारी, बाजरी किंवा डाळिंब करणाऱ्याकडून पाणीपट्टी गोळा करायची तर दारोदार फिरावे लागते. म्हणजे ज्या पिकाने पाणी सर्वांत जास्त प्यायचे, त्याचीच वसुली सर्वांत खात्रीची. वसुलीवर आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, अवलंबून असेल तर अधिकाऱ्याचे मन नकळत कोणत्या शिवाराकडे ओढले जाईल, हे सांगायला नको. उन्हाळी आवर्तनात वरच्या अंगाला उसाला पाण्याच्या पाळ्या मिळतात आणि शेपटाला असलेल्या आमच्या गावाच्या हद्दीत ओल पोहोचेपर्यंत पंप बंद होतात. मागच्या वर्षी मी वितरिकेच्या शेवटच्या गेटजवळ दोन रात्री बसून होतो. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास पाणी आले, घोट्याएवढे, आणि सकाळी सातला ओसरले.

येरळाकाठ, तुमच्याच खानापूर तालुक्यातला अपवादही येथे नोंदवून ठेवतो. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी १९८० च्या दशकात येरळेची वाळू ठेकेदारांनी उपसून नेण्याला विरोध केला आणि तीच वाळू थोडी विकून बळीराजा स्मृती धरण उभे केले. त्यांनी पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता माणशी वाटायचे ठरवले आणि भूमिहीनांनाही हक्क दिला. नंतर नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासारख्या लोकांनी समान पाणीवाटपाची मागणी घेऊन आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, आणि दुष्काळी तालुके एका मागणीवर वर्षानुवर्षे एकत्र राहिले. विखुरलेले लोक कधीच एकत्र येत नाहीत हा नियम म्हणून तेथे टिकत नाही.

---

येरळाकाठ (विटा)

बळीराजा धरण माझ्या घरापासून फार दूर नाही, आणि तरी त्याकडे या दृष्टीने मी पाहिले नव्हते. मला वाटते की तेथे लोक एकत्र येऊ शकले याची दोन कारणे असावीत. पहिले, गाव लहान होते आणि कोण आला, कोण आला नाही हे सर्वांना दिसत होते, त्यामुळे घरी बसून फळ खाणे लाजिरवाणे होते. दुसरे, वाटणीचा नियम आधी ठरला आणि धरण नंतर झाले. भूमिहीनाला हिस्सा मिळणार हे आधीच ठरल्यामुळे त्यालाही राबण्याचे कारण होते. आपल्या मोठ्या योजनांत पाणी आधी येते आणि वाटणीचा वाद मागाहून सुरू होतो. तोपर्यंत वरच्या अंगाचे शेतकरी ऊस लावून मोकळे झालेले असतात आणि उभे पीक वाळू द्या असे त्यांना कोणीही सांगू शकत नाही.

---

कोयत्याची लेक

मी आटपाडी तालुक्यातली. आईवडिलांनी बावीस हंगाम ऊस तोडला, मी आता शिक्षिका आहे. या सगळ्या चर्चेत उसाशी संबंधित प्रत्येक माणूस आला, फक्त ऊस तोडणारा "खुशाली मागणारी टोळी" एवढ्या एका उल्लेखापुरता आला. खुशाली घेणे योग्य आहे असे मी म्हणणार नाही. पण टोळीला ती का मागावीशी वाटते, तेही या धाग्याच्या विषयातच बसते.

तोडणीचा दर सहकारी कारखान्यांचा साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या करारातून ठरतो आणि तो करार काही वर्षांसाठी असतो. जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ ठरली. आकडा मोठा दिसतो, पण मधली वर्षे महागाई वाढत असताना दर तेथेच थांबलेला असतो. टोळीचा व्यवहार कारखान्याशी नसून मजूर पुरवणाऱ्या मुकादमाशी असतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून घेतलेली असते, त्यामुळे हंगामाच्या मध्यात काम थांबवण्याची ताकद कोणाकडे राहत नाही. कारखान्याच्या हजेरीपटावर माझ्या आईचे नाव बावीस वर्षांत एकदाही नव्हते. तिथे "एक कोयता" अशी नोंद असे आणि त्यात नवरा-बायको दोघे धरले जात.

२०२४ मध्ये विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे ठरले होते. आमच्या वस्तीवरच्या अनेक घरांना त्याआधीच कुलूप लागले होते. कारखान्यावर खोपी घातलेल्या मजुराने मतदानासाठी गावी जायचे तर दोन दिवसांचा रोज आणि गाडीभाडे घालवायचे, आणि टोळी मागे पडली म्हणून मुकादमाचे बोलणे ऐकायचे. ज्यांचे मत गावात आणि पोट फडात, त्यांच्यासाठी कोणत्या आमदाराने आपली पुण्याई खर्चावी?

---

निवृत्त गटकर्मचारी (वाळवा तालुका)

ताई, तुमचे म्हणणे मान्य करतो. खुशालीचा उल्लेख मी ज्या सहजतेने केला, त्यात फडातल्या माणसाचा विचार नव्हता. शेती खात्यात आम्ही टोळ्यांची संख्या मोजत होतो, माणसे मोजत नव्हतो. वाहनमालकही या साखळीत अडकलेला असतो, कारण उचल घेऊन टोळी आली नाही तर ट्रॅक्टरचे हप्ते त्याच्या अंगावर येतात. वरचा धोका असा एकेक पायरी खाली ढकलला जातो आणि शेवटच्या पायरीवर ज्याची सही कुठेच नाही असा माणूस उभा असतो.

येरळाकाठ यांना एक व्यवहाराची गोष्ट सुचवतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला संस्थेच्या कार्यालयात, कामाच्या वेळेत, विनामूल्य कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे. शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, सर्वसाधारण सभेचे आणि संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त, आणि सभासदाच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी त्यात येतात. माझ्या नोकरीत हा हक्क वापरायला आलेले सभासद मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकेन. एकट्याने अर्ज केला तर तोडीची भीती राहते. पंधरा-वीस जणांनी एकाच दिवशी, एकाच मजकुराचे वेगवेगळे अर्ज देऊन पोच घेतली तर यादीत कोणाचे नाव खाली सरकवायचे हा प्रश्न खालच्या कर्मचाऱ्यालाच पडेल. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तेव्हा अर्ज ऑगस्टमध्ये जायला हवेत. तोडणी-वाहतुकीचा प्रति टन खर्च आणि सरासरी वाहतूक अंतर हे दोन आकडे आधी मागा, कारण एफआरपीतून कपात होते ती याच जागी.

---

येरळाकाठ (विटा)

गावातल्या अकरा सभासदांशी काल बोललो. सात जण तयार आहेत, दोघांनी घरी विचारून सांगतो म्हटले आहे, आणि दोघांचा ऊस अजून उभा असल्यामुळे त्यांना मीच आग्रह केला नाही. अर्जाचा मसुदा माजी सचिवांनी तपासून द्यावा अशी विनंती आहे. त्यात तिसरा मुद्दा म्हणून तोडणी मजुरांना प्रति टन प्रत्यक्ष किती रक्कम दिली आणि मुकादमाचे कमिशन किती, हेही विचारतो आहे. कोयत्याची लेक यांनी त्या ओळीची शब्दरचना पाहावी.

---

माजी सोसायटी सचिव (कराड)

मसुदा पाठवा, रविवारपर्यंत पाहून देतो. प्रत्येक अर्जावर सभासद क्रमांक आणि खाते क्रमांक वेगळा लिहा, पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख शिक्क्यासह घ्या, आणि पोचेची एक प्रत कारखान्याबाहेरच्या कोणाच्या तरी घरी ठेवा.

---

कोयत्याची लेक

ओळ पाहिली. "मजुरांना" या शब्दाऐवजी "पुरुष व स्त्री मजुरांना, स्वतंत्र संख्येसह" असे लिहावे.